जुन्या स्टीरिओचा आवाज मध्येच का तुटतो? डाकेच्या घोड्यांपासून रिलेपर्यंत

मुंबईहून कधीकाळी शिराळ्याला आलेला १९७०च्या दशकातील एखादा जपानी स्टीरिओ अॅम्प्लिफायर माळ्यावरून खाली उतरतो. गाणे सुरू होते आणि थोड्याच वेळात डाव्या बाजूचा आवाज जातो. व्हॉल्यूम झटक्याने वाढवला की तो परत येतो. अशा वेळी संशय प्रथम जावा तो धातूला धातू टेकते त्या जागेवर. त्या जागेचा इतिहास तारायंत्राइतका जुना आहे.

डाकेचे घोडे टप्प्याटप्प्यावर बदलत, त्या दमदार ताज्या घोड्यांना पाश्चात्त्य भाषांत 'रिले' म्हणत. १८३५च्या सुमारास जोसेफ हेन्री याने हीच युक्ती विजेवर वापरली. लांबून आलेला क्षीण प्रवाह विद्युतचुंबक ओढतो आणि दुसऱ्या, ताज्या बॅटरीचे मंडल जोडतो. हिंदुस्थानात ओशॉनेसीने उभारलेली तारव्यवस्था १८५५ साली सर्वसामान्यांस खुली झाली.

हा रिले दिवाणखान्यात शिरला तो एका भीतीपोटी. पूर्वीच्या अनेक ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरांत स्पीकरच्या वाटेवर एक मोठा कपॅसिटर असे. तो पुढे काढून टाकला गेला. त्यामुळे ट्रान्झिस्टर बिघडला तर एकदिश प्रवाह थेट स्पीकरमध्ये शिरून त्याची कॉइल जाळू शकत असे. म्हणून मध्ये पहारेकरी बसवला. यंत्र सुरू केल्यावर काही सेकंदांनी येणारा 'टक' आवाज त्याचाच.

या पहारेकऱ्याचे कॉन्टॅक्ट पुष्कळदा चांदीयुक्त असतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या दमट हवेत पैंजण काळे पडतात, तसेच तेही. हलक्या आवाजाचा क्षीण विद्युतदाब तो काळा थर भेदू शकत नाही. मोठा आवाज भेदतो. व्हॉल्यूम वाढवल्यावर आवाज परत येण्याचे कोडे इथे सुटते.

दुसरा संशयित 'टेप मॉनिटर'चे बटण. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली; योगायोगाने आकाशवाणीचे सांगली केंद्रही त्याच वर्षीचे. घरोघरी ध्वनिमुद्रण होऊ लागले; अॅम्प्लिफायरवर हे बटण मात्र कॅसेटच्या आधीपासूनच असे. कॅसेट डेक नसला तरी आवाजाला या बटणातूनच जावे लागते. ते चुकून दाबलेले राहिले तर सगळेच मुके होते.

तपासाची रीत जुनीच, पण आजही चोख. यंत्र बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा अदलाबदल कराव्यात. शांतता त्याच स्पीकरपाशी राहिली तर दोष स्पीकरचा वा त्याच्या तारेचा. दुसऱ्याकडे गेली तर त्याआधीच्या मार्गाचा. बंद यंत्रावर प्रत्येक बटण वीस-तीस वेळा फिरवल्याने पुष्कळदा गंज निघतो. अर्धा तास तापल्यावरच आवाज जात असेल तर एखादा सुटलेला डाग शोधावा. कॉन्टॅक्टवर सँडपेपर घासू नये. मुलामाच निघून जातो. झाकण उघडण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे, कारण प्लग काढल्यावरही मोठे कपॅसिटर धक्का देऊ शकतात.

काही कारागीर रिलेच 'डायरेक्ट' करून देतात. आवाज तत्काळ सुरू होतो, गिऱ्हाईक खूश होते. हा खरे तर सर्वांत महाग उपाय. रिले वारंवार स्वतःहून तुटत असेल, तर कदाचित तो काळवंडलेला नसून आतल्या एकदिश प्रवाहाची सूचना देत असतो. त्याला बाजूला सारले की पुढचा ट्रान्झिस्टर मूळ स्पीकर घेऊनच जातो, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या जोडीचा तसा स्पीकर पुन्हा मिळणे फार कठीण.