वऱ्हाडातला चातक आणि समुद्रापलीकडची वाट

वऱ्हाडाला समुद्रकिनारा नाही. अकोल्याहून अरबी समुद्राचा जवळचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास भरतो. आणि तरीही या प्रांताचा अर्वाचीन इतिहास समुद्राला वगळून लिहिता येत नाही, कारण १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथला कापूस अडकून पडला तेव्हा लिव्हरपूलच्या बाजाराला अमरावतीच्या, म्हणजे त्या बाजारातील व्यापाऱ्यांच्या तोंडी रुळलेल्या ‘उमरा’ कापसाची निकड भासली आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या लोहमार्गाने या गाठींची मुंबई बंदराकडची वाट मोकळी केली. या व्यापाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून दरवर्षी समुद्र ओलांडून वऱ्हाडात उतरणाऱ्या एका पाहुण्याचा इतिहास मात्र तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला राहिला. हा पाहुणा म्हणजे चातक.

चातक हा कोकिळेच्या कुळातला, सडपातळ अंगाचा आणि लांब शेपटीचा पक्षी. पाठ काळी, पोट पांढरे, डोक्यावर मागे झुकलेला टोकदार तुरा आणि उडताना काळ्या पंखावर लख्ख उठून दिसणारा पांढरा पट्टा, एवढ्या खुणांवरून तो दुरूनही ओळखू येतो. पहिल्या पावसानंतर पालवीवर जे केसाळ सुरवंट पडतात, ज्यांना बाकीचे बहुतेक पक्षी तोंड लावत नाहीत, ते त्याचे आवडते खाद्य. तो स्वतः घरटे बांधत नाही. मादी आपले निळे अंडे बहुधा सातभाईच्या घरट्यात घालते आणि सातभाईची अंडीही निळीच असल्यामुळे फसवणूक सहसा उघडकीस येत नाही. वऱ्हाडात तो मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये दिसू लागतो आणि पावसाळा सरता सरता नाहीसा होतो. ‘पेरते व्हा’ असे ओरडतो म्हणून प्रसिद्ध असलेला पावश्या हा याच कुळातला, पण वेगळा पक्षी आहे; तो देशाबाहेर जात नाही, उरलेले वर्ष गप्प असतो म्हणून तो नव्याने आल्यासारखा वाटतो इतकेच. लोकांच्या बोलण्यात या दोघांची सरमिसळ नेहमी होते.

या पक्ष्यांकडे वऱ्हाडातील शेतकऱ्याचे लक्ष का लागलेले असे, हे समजण्यासाठी पूर्णा नदीचे खोरे पाहावे लागते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या या खोऱ्यात सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांचा खारपाणपट्टा आहे, म्हणजे असा प्रदेश की जेथे जमिनीखालचे पाणी खारे असल्यामुळे विहीर खणूनही तहान भागत नाही आणि ते पाणी पिकाला दिले तर काळी जमीनच बिघडते. अशा मुलखात आकाशातून पडणाऱ्या पाण्याला पर्याय नव्हता. चातक केवळ पावसाचे थेंब पितो, जमिनीवरच्या पाण्याला शिवत नाही, हा संस्कृत काव्यातला संकेत पक्षिशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही; पण खारपाणपट्ट्यातल्या माणसाची स्थिती त्याने बऱ्यापैकी अचूक सांगितली होती, असे म्हणायला हरकत नाही.

त्यामुळे पावसाचा अंदाज बांधण्याच्या रीती येथे दाट उगवल्या. सहदेव-भाडळीच्या नावावर चालत आलेले ठोकताळे, मृग, आर्द्रा या नक्षत्रांची ‘वाहने’, अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे शेतात घट मांडून त्याभोवती धान्ये ठेवून दुसऱ्या दिवशी त्यांवरून पीकपाण्याचे भाकीत करण्याची चाल, या सगळ्यांच्या जोडीला पक्ष्यांवरून घेतलेले संकेत होते. कावळ्याने घरटे झाडाच्या कोणत्या भागात बांधले, टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की नाल्याच्या पात्रात, चिमण्या धुळीत न्हाऊ लागल्या का, यांची नोंद घेतली जाई. मेळघाटासह विदर्भाच्या जंगलांत वनाधिकारी म्हणून वावरलेल्या मारुती चितमपल्ली यांनी हे लोकज्ञान आस्थेने टिपून ठेवले. त्यातला कोणता संकेत खरा आणि कोणता निव्वळ समजुतीचा, हा प्रश्न वेगळा. मात्र या सर्वांमध्ये चातकाचा संकेत जातीनेच निराळा होता. टिटवी आणि कावळा गावचेच होते. चातक नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर बाहेरून येत होता, म्हणजे ज्या वाऱ्यांनी ढग आणले त्यांनीच त्यालाही आणले होते.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, आणि पाऊस व पक्षी या दोन्ही गोष्टी सरकारी कागदावर येऊ लागल्या, पण वेगवेगळ्या कागदांवर. या विभागणीचे एक चमत्कारिक उदाहरण ब्लॅनफर्ड बंधूंचे आहे. हेन्री आणि विल्यम हे दोघे भाऊ १८५५ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीसाठी भारतात आले. पुढे हेन्री १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला आणि हिमालयावरील बर्फाच्या प्रमाणावरून मोसमी पावसाचा पहिला दीर्घ मुदतीचा अंदाज त्याने १८८६ मध्ये दिला, तर विल्यमने तापी व नर्मदेच्या खोऱ्यांचा भूस्तरीय अभ्यास १८६९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि वऱ्हाडातली पूर्णा ही तापीचीच उपनदी. याच विल्यमने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राण्यांवरील सरकारी ग्रंथमालेत पक्ष्यांचा तिसरा खंड १८९५ मध्ये लिहिला, ज्यात कोकिळेच्या कुळाचे वर्णन येते. एका भावाकडे पाऊस, दुसऱ्याकडे चातक. शेतकऱ्याच्या लेखी एकच असलेली गोष्ट राज्यकर्त्यांच्या ज्ञानव्यवस्थेत दोन दप्तरांत गेली. १९१० चे अकोल्याचे आणि १९११ चे अमरावतीचे जिल्हा गॅझेटिअर महसूल, पीक आणि दुष्काळ यांबाबत तपशीलवार आहेत. त्या काळच्या गॅझेटिअरांतील वन्यजीवांचा भाग मात्र साधारणतः शिकाऱ्याच्या नजरेने लिहिलेला असे, आणि चातक शिकारीचा पक्षी नव्हता.

चातक हिवाळ्यात कोठे असतो, या प्रश्नाला उत्तर शोधण्याची साधने तेव्हा दोनच होती. पहिले साधन म्हणजे संग्रहालयांतील भुसा भरलेली कातडी. त्यांच्या पंखांची लांबी मोजल्यावर दिसले की दक्षिण भारतात व श्रीलंकेत बारमाही राहणारा चातक लहान पंखांचा आहे, आणि मध्य व उत्तर भारतात पावसाळ्यात दिसणारा चातक मोठ्या पंखांचा, आफ्रिकेतल्या चातकाशी जुळणारा आहे. दुसरे साधन म्हणजे तारखा: कोणत्या ठिकाणी तो प्रथम केव्हा दिसला आणि शेवटी केव्हा. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पक्षी-अभ्यासक ह्यू व्हिसलर यांनी १९२८ मध्ये या एका पक्ष्याच्या स्थलांतरावर स्वतंत्र लेख लिहिला, आणि पूर्व आफ्रिकेशी असलेला त्याचा संबंध अभ्यासकांच्या चर्चेत पक्का बसला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की पहिल्या दर्शनाची तारीख हीच शेतकऱ्याची नोंद होती; फरक एवढाच की त्याने ती मृगाच्या हिशेबाने तोंडी ठेवली आणि तिच्यावर पेरणीची तयारी केली.

नागपूरच्या संग्रहालयातील ई. ए. डिआब्रू यांनी १९३५ मध्ये मध्य प्रांतातील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. अमरावतीजवळच्या पोहरा-मालखेड राखीव जंगलातील पक्ष्यांची सूची जयंत वडतकर आणि राजू कसंबे यांनी २००२ मध्ये दिली, तेव्हा वऱ्हाडाच्या पक्ष्यांची नोंद वऱ्हाडातल्याच माणसांच्या हाती आलेली होती. दरम्यान पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालून तो पुन्हा कोठे सापडतो ते पाहण्याची पद्धत सोसायटीने १९२७ पासून भारतात रुजवली होती; पण कडे घातलेल्या लहान पक्ष्यांपैकी फारच थोडे पुन्हा हाती लागतात, आणि समुद्रावर काय घडते ते कडे कधीच सांगू शकत नाही.

ते सांगितले उपग्रहाला संदेश पाठवणाऱ्या, पाठीवर बसवता येणाऱ्या हलक्या यंत्रांनी. सैबेरिया व उत्तर चीनकडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जाणाऱ्या अमूर ससाण्यांपैकी तिघांना नोव्हेंबर २०१३ मध्ये नागालँडमध्ये अशी यंत्रे बसवली गेली, आणि हे पक्षी भारतीय द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेच्या किनाऱ्याला गेल्याचे नकाशावर उमटले. दोन चातकांना अशी यंत्रे देहरादूनला २०२० मध्ये बसवली गेली.    या वाटेवर चातकाला वा ससाण्याला समुद्रावर खायला काही मिळणार नाही, अशीच बराच काळ समजूत होती.

ती समजूत डळमळीत करणारा विचार मालदीवमधून आला. चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडले की जेथे गोड्या पाण्याची तळी जवळपास नाहीत अशा या बेटांवर दर ऑक्टोबरला लाखो चतुर उतरतात, ते भारताकडून उंचावरच्या वाऱ्याने आलेले असतात व पुढे आफ्रिकेकडे जातात, आणि त्याच सुमारास समुद्र ओलांडणारे ससाणे व चातक यांना ही वाटेवरची शिदोरी असावी. हा चतुर पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत वाढतो. काळ्या शेताच्या सखल कोपऱ्यात साचून दीड-दोन महिने टिकणारे पाणी त्याच्या पिल्लांना पुरते. वऱ्हाडातला पावसाळा म्हणजे अशा डबक्यांचा काळ.

चातकाला पाहून तिफण काढण्याची चाल मात्र मागे पडली आहे. अकोल्याला १९६९ मध्ये स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नका असे बजावतात, आणि ते योग्यच आहे, कारण चातक बऱ्याचदा एवढा पाऊस होण्याआधीच पोहोचतो व त्याच्या भरवशावर टाकलेले महागडे बियाणे दुबार पेरणीची वेळ आणू शकते. हौशी निरीक्षकांकडून स्थलांतरी पक्ष्यांच्या पहिल्या दर्शनाच्या तारखा गोळा करणारा मायग्रंटवॉच हा उपक्रम २००७ मध्ये सुरू झाला आणि चातकासाठी त्याने खास मोहीमही चालवली. वऱ्हाडातल्या पर्जन्यमापकांचे आकडे इंग्रजी अमदानीपासून हाताशी असल्यामुळे मृगाचा पाऊस लांबतो आहे का, हे तपासता येते; चातकाच्या आगमनाच्या तारखा तितक्या मागच्या काळातून कोणी सलग लिहून ठेवल्या नसल्यामुळे पावसाबरोबर त्याचे येणेही सरकले का, याची तुलना एकविसाव्या शतकाच्या पलीकडे नेता येत नाही.