रात्री दोनची ओळ

संध्याकाळी ५.४० (उरले ८ तास २० मिनिटं)
वणी, घराची वरची खोली. खालून टोमॅटोच्या रिकाम्या क्रेट घेऊन पिंपळगावहून परतणाऱ्या पिकअप. एका आडत्याच्या हिशोबपट्टीत हमाली दोनदा कापली जात होती, ती चूक काढली. मग नको तिथे हात घातला. बिल्डच्या तिन्ही स्क्रिप्टांत फोल्डरचा पत्ता एक्स्पोर्ट करणारी तीच ती ओळ. तिन्हींतून उडवली, एकदाच बॅशआरसीत टाकली. नीटनेटकेपणाची हौस, दुसरं काय!

६.१५ (७ तास ४५ मिनिटं)
नवं टर्मिनल उघडून स्क्रिप्ट हाताने चालवली. चालली. चालणारच, टर्मिनल उघडलं की बॅशआरसी वाचली जाते.

८.०५
वीज गेली. इन्व्हर्टरने संगणक तगवला. मेला नेमका त्याच दिवशी चार्ज होता.

१०.३० (साडेतीन तास)
बॅकअपची डिस्क जोडली, सकाळी काढू म्हणून तशीच ठेवली. खालून आई : "झोप रे आता, डोळे जातील."

२.००
ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारा क्रॉन जागा झाला. तो बॅशआरसीकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणजे व्हेरिएबल रिकामं. स्क्रिप्टचं पहिलं काम जुना बिल्ड पुसणं : आरएम -आरएफ, फोल्डरचा पत्ता, तिरकी रेघ, तारा. पत्ता गळाला, रेघ आणि तारा उरले. नुसत्या रेघेला आरएम नकार देतं. पण तारा शेल आधीच उलगडतं आणि आरएमच्या हाती फोल्डरांची यादी ठेवतं, तीही इंग्रजी अक्षरक्रमाने. बिन, बूट, डेव्ह, ईटीसी : परवानगी नाही. मग होम. ते माझंच. पुढे मीडिया, तिथे बॅकअपची डिस्क. तीही माझ्याच नावावर.

जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेम-ॲपची अशीच ओळ उघडकीला आली होती. तीत एकाची बाहेरची डिस्कही धुतली गेली. त्या ओळीवर लिहिणाऱ्याने स्वतःच 'भयंकर!' अशा अर्थाची टीप ठेवली होती. माझ्या ओळीवर तेवढीही नव्हती. व्हेरिएबलच्या नावाला महिरपी कंस घालून आत अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह जोडलं असतं, तर रिकामं दिसताच स्क्रिप्ट तिथेच अडली असती. दोन चिन्हं.

सकाळी ६.४०
सिस्टिमच्या लॉगमध्ये क्रॉनची २.०० ची नोंद. क्रॉनटॅब शाबूत, आज रात्री पुन्हा दोनला तयार. चालवायला स्क्रिप्ट मात्र नाही. सर्व्हरवर ढकललेला कोड मंगळवारचा, हमाली दोनदा कापणारा.

७.१०
आडत्याच्या मुनिमांचा फोन.
"दादा, हमालीचं झालं ना? नऊला लिलाव आहे."