आकाशांतून आलेली अध्यापकशाळा

खेड्यांतील शिक्षकाचें एकटेपण ही शिक्षणाच्या इतिहासांतील फार जुनी गोष्ट आहे. शहरांतील शिक्षकाला एखादी शंका आली तर शेजारच्या वर्गांत सहकारी असतो, हांकेच्या अंतरावर ग्रंथालय असतें. एकशिक्षकी शाळेंतील गुरुजींना यांपैकीं कांहींच नसतें. तरुणपणीं अध्यापकशाळेंत जी शिदोरी बांधून मिळाली, तिच्यावर त्यांना तीस-पस्तीस वर्षें काढावीं लागतात. शिदोरी शिळी होते. मुलें मात्र दरसाल नवीं येतात. ही शिदोरी ताजी कशी ठेवावी, या प्रश्नाला भारतांत १९७५ सालीं एक विलक्षण उत्तर मिळालें. तें आकाशांतून आलें होतें.

त्या उत्तरामागें डॉ. विक्रम साराभाई यांची कल्पना होती. रस्ते, तारा आणि मनोरे जेथें पोहोंचावयास एक पिढी लागेल, तेथें उपग्रह एका दिवसांत पोहोंचतो. म्हणून टेलिव्हिजन प्रथम शहरांत आणि मग सवडीनें खेड्यांत, असा क्रम न ठेवतां तो आरंभापासूनच खेड्यांत गेला पाहिजे, असें त्यांचें मत होतें. १८ सप्टेंबर १९६९ रोजीं भारताचें अणुऊर्जा खातें आणि अमेरिकेची 'नासा' ही संस्था यांच्यामध्यें करार झाला. अमेरिकेनें एका वर्षापुरता उपग्रह उसना द्यावयाचा. गांवोगांवचे संच आणि त्यांवरील कार्यक्रम भारतानें सिद्ध करावयाचे. हें स्वप्न साकार झालेलें पाहणें साराभाईंच्या नशिबीं नव्हतें. ३० डिसेंबर १९७१ रोजीं ते निवर्तले. त्यांच्यामागें अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक प्रा. यशपाल यांनीं तें काम तडीस नेलें. एकनाथ वसंत चिटणीस व प्रमोद काळे हे मराठी शास्त्रज्ञही त्यांत अग्रेसर होते.

'एटीएस-६' हा उपग्रह ३० मे १९७४ रोजीं अंतराळांत गेला. प्रथम तो अमेरिकेवर राहिला, आणि योगायोग असा कीं, तेथेंही त्यानें शिक्षकांना शिकविण्याचें काम केलें. अ‍ॅपलाचिया नांवाच्या डोंगराळ भागांतील शिक्षकांना दूरच्या विद्यापीठाचें वळण घरबसल्या मिळावें, म्हणून त्याच्याद्वारें पाठ दाखविले जात. वर्षभरानंतर तो पूर्वेकडे सरकविण्यांत आला आणि भारताकडे तोंड करून उभा राहिला. पृथ्वीपासून सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर त्याची नऊ मीटर व्यासाची छत्री उघडलेली होती. ती छत्री एवढी समर्थ होती कीं, खालचा सरंजाम अगदीं साधा असला तरी चाले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, सुमारें तीन मीटर व्यासाची एक थाळी, आणि तिला जोडलेला टेलिव्हिजनचा संच; एवढ्यावर काम भागे.

१ ऑगस्ट १९७५ रोजीं हा प्रयोग सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'साइट' म्हणत. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, मध्य प्रदेश, बिहार आणि राजस्थान या सहा राज्यांतील वीस जिल्हे आणि त्यांतील सुमारें २,४०० गांवें त्यासाठीं निवडलीं होतीं. महाराष्ट्र या यादींत नव्हता. परंतु विजापूर आणि गुलबर्गा हे त्याच्या सीमेला लागलेले जिल्हे होते. मुद्दाम मागासलेले भाग निवडले होते. हिंदी, उडिया, तेलुगु आणि कन्नड या चार भाषांत रोज चार तास कार्यक्रम होत. त्यांपैकीं सकाळचा दीड तास शाळेंतील मुलांसाठीं राखलेला होता. प्रत्येक भाषेच्या वांट्याला त्यांतलीं साडेबावीस मिनिटें येत.

या साडेबावीस मिनिटांतच प्रयोगाची खरी कसोटी होती. संच बहुधा शाळेंतच बसविलेला असे. ज्या मुलांनीं आगगाडीही पाहिली नव्हती, त्यांच्यापुढें आतां समुद्र आणि कारखाने येऊं लागले. मुलें हरखून गेलीं यांत नवल नाहीं. पण त्या वेळीं गुरुजींनीं करावयाचें काय? कळ दाबून संच सुरू करावा, गलबला होऊं देऊं नये, आणि वेळ संपतांच कळ पुन्हां दाबावी, एवढेंच काय? तसें झालें असतें तर यंत्र शिक्षक झालें असतें आणि शिक्षक यंत्राचा राखणदार. शिवाय संच बंद झाल्यावर शाळेचे चार-पांच तास उरतातच. पडद्यावर दिसलेल्या गोष्टीविषयीं मुलानें "असें कां?" म्हणून विचारलें, तर पडदा उत्तर देत नाहीं, उत्तर गुरुजींनाच द्यावें लागतें. आणि त्यांतले पुष्कळसे गुरुजी स्वतः विज्ञान कधीं शिकलेले नव्हते.

प्रयोगाच्या चालकांनीं ही अडचण ओळखली होती, हीच त्यांची थोरवी. ऑक्टोबर १९७५ मध्यें सुटीच्या दिवसांत त्यांनीं मुलांऐवजीं शिक्षकांनाच पडद्यासमोर बसविलें. प्राथमिक शाळेंतील विज्ञान कसें शिकवावें, याचा बारा दिवसांचा वर्ग एकाच वेळीं सुमारें २४,००० शिक्षकांसाठीं चालला. पुढील वर्षीं त्याची पुनरावृत्ति झाली. दोन्ही वेळचे मिळून सुमारें पन्नास हजार शिक्षक या आकाशांतील अध्यापकशाळेंतून बाहेर पडले. पन्नास-पन्नास शिक्षकांचीं शिबिरें भरवावयाचीं म्हटलीं, तर पहिल्याच खेपेला ४८० शिबिरें भरवावीं लागलीं असतीं. तेवढे जाणते अध्यापक आणावयाचे कोठून? एकानें दहांना सांगावें आणि दहांनीं शंभरांना, असें केलें तर तिसऱ्या हातीं पोहोंचेपर्यंत दुधाचें ताक होतें. उपग्रहामुळें पहिल्या हाताचें दूध शेवटच्या गांवापर्यंत जसेंच्या तसें गेलें.

पण केवळ चित्र दाखवून हें काम झालें नाहीं, हें विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें या वर्गासाठीं चार साधनांची सांगड घातली होती. टेलिव्हिजनवर कृति दिसे, रेडिओवर विवेचन होई, छापील पुस्तिका शिक्षकाच्या हातांत राही, आणि प्रत्येक केंद्रावर एक मार्गदर्शक शिक्षक असे. त्याच्या देखरेखीखालीं शिक्षक चर्चा करीत आणि पाहिलेला प्रयोग स्वतःच्या हातांनीं करून पाहत. भर होता तो आसपास सांपडणाऱ्या साध्या वस्तूंवर. ज्या खेड्यांत प्रयोगशाळा नाहीं, तेथें अंगण आणि शेत हीच प्रयोगशाळा, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. म्हणजे सर्वांत आधुनिक यंत्र वापरून शिक्षकाला शिकविलें काय, तर यंत्रावांचून कसें शिकवावें तें!

प्रयोगाचें मोजमाप पुढें झालें, आणि तें चालकांनीं प्रांजळपणें प्रसिद्ध केलें. मुलांची भाषा आणि जिज्ञासा वाढलेली दिसली. शाळेंतील हजेरीवर मात्र फारसा परिणाम झाला नाहीं. यांत आश्चर्य तें कोणतें? गुरें राखावयास जाणारें मूल चित्राच्या ओढीनें चार दिवस येईल. पोटाची ओढ त्याला पुन्हां रानांत नेईल. शिक्षकांच्या वर्गाचें फळ अधिक ठाशीव होतें. त्यांचें विज्ञानाचें ज्ञान वाढल्याचें दिसून आलें.

उणीवही उघड होती. उपग्रह बोलत होता, ऐकत नव्हता. बिजापूरच्या शिक्षकाचा प्रश्न अहमदाबादेस त्याच क्षणीं पोहोंचण्याची सोय नव्हती. शिवाय उसनी वस्तु ती उसनीच. ३१ जुलै १९७६ रोजीं मुदत भरली, प्रयोग थांबला आणि उपग्रह परत निघाला. जाळीच्या थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांना आतां कांहीं ऐकूं येत नव्हतें.

तरीपण बीं वायां गेलें नाहीं. १९८३ मध्यें 'इन्सॅट-१ ब' हा भारताचा स्वतःच्या मालकीचा उपग्रह वर गेला. १९८४ सालीं पुण्यास 'बालचित्रवाणी' स्थापन झाली आणि मराठी मुलांना आपल्या भाषेंत शालेय कार्यक्रम मिळूं लागले. ती संस्था २०१७ मध्यें बंद पडली. जानेवारी १९९६ मध्यें कर्नाटकांतील प्राथमिक शिक्षकांचा वर्ग उपग्रहावरून भरला, तेव्हां त्यांना दूरध्वनीनें उलट प्रश्न विचारतां आले. वीस वर्षांपूर्वींची उणीव अशी भरून निघाली. २० सप्टेंबर २००४ रोजीं केवळ शिक्षणासाठीं 'एज्युसॅट' सोडण्यांत आला. २०१७ पासून 'दीक्षा' या सरकारी व्यवस्थेमुळें शिक्षकाची पाठ्यसामग्री त्याच्या खिशांतल्या मोबाइलवर आली. तीन मीटरांची थाळी तळहातावर मावूं लागली.

साधनें अशीं बदलत गेलीं; प्रश्न तोच राहिला. यंत्र गांवांत पोहोंचणें ही अर्धी वाट आहे. उरलेली अर्धी वाट पडद्यापासून फळ्यापर्यंतची, आणि ती शिक्षकालाच चालावी लागते. १९७५ च्या त्या बारा दिवसांत त्याच्या सोबतीला एक पुस्तिका होती, शेजारीं बसलेले सहकारी होते, आणि चुकला तर सांवरणारा मार्गदर्शक होता. पडद्यावरच्या चित्राइतकेंच श्रेय या सोबतीलाही दिलें पाहिजे. एकट्या शिक्षकाला नुसतें यंत्र दिलें, तर तो यंत्रासह एकटाच राहतो. त्याला सोबत दिली, तर साधी जाळीची थाळीही अध्यापकशाळा होते.