गाथेच्या मुद्रित प्रती

वर्धा जिल्ह्यांतील अल्लीपूरसारख्या गांवीं एकादशीच्या भजनास बसलेल्या दोघां वारकऱ्यांपुढें दोन निरनिराळ्या छापखान्यांच्या गाथा असल्या, तर एकाच्या प्रतींतील अभंग दुसऱ्याच्या प्रतींत त्याच क्रमांकावर सांपडेल असें नाहीं. कित्येकदां तो मुळींच सांपडत नाहीं. गाणाऱ्यांचें अडत नाहीं, कारण अभंग त्यांस मुखोद्गत असतो. परंतु तुकोबांचे शब्द नेमके कोणते, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न छापखान्यानें निर्माण केला नाहीं. त्यानें तो उघड केला. तुकोबांचें निर्याण १६५० च्या सुमाराचें. पुढें दोनशें वर्षें अभंग टाळकऱ्यांच्या कंठांत व हस्तलिखित वह्यांत वाढत राहिले. लिहिणारा ऐकलेलें लिही, गाणारा लिहिलेलें आपल्या बोलीप्रमाणें वळवी.

१८६९ व १८७३ सालीं मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यांतून गाथेचे दोन भाग निघाले. विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित हे त्याचे संपादक. मुंबई सरकारनें या कामास चोवीस हजार रुपयांचें साहाय्य केलें. देहू, तळेगांव, कडूस व पंढरपूर येथील प्रती ताडून संपादकांनीं साडेचार हजारांवर अभंग सिद्ध केले. एकाच वहीवर विसंबावयाचें नाहीं, ही त्यांची शिस्त.

वीस वर्षांनीं, १८८९ त, तुकाराम तात्या पडवळ यांनीं काढलेल्या गाथेंत अभंगांची संख्या आठ हजारांपलीकडे गेली. जेथें जें मिळालें तें राखावें, ही त्यांची दृष्टि. तीमुळें पुष्कळ वाचलें. पण ‘तुका म्हणे’ ही मुद्रा असली म्हणजे अभंग देहूच्या तुकोबांचाच, असें ठरत नाहीं. अठराव्या शतकांत पंढरपुरास तुका विप्र नांवाचे कवि होऊन गेले. नामसाम्यानें घोटाळा होण्यास तेवढें पुरे.

वि. ल. भावे यांनीं १९१९–२० त नेमकी उलट वाट धरली. तुकोबांचे टाळकरी संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांतील सुमारें तेराशें अभंग त्यांनीं मूळच्या लेखनासह छापले. संख्या घटली, काळाचें अंतर मात्र कमी झालें.

युरोपांतील छापील संगीतासहि हा अनुभव नवा नाहीं. शोपां यांची पियानोवरील जी मायनर बॅलड १८३६ त पॅरिस, लाइपझिग व लंडन येथें निघाली. लाइपझिगच्या प्रतींत आरंभींच्या एका स्वरमेळांतील स्वर बदलला. लंडनच्या प्रकाशकानें तर ‘ला फाव्होरीत’ असें नांवहि चिकटविलें. पण तेथें रचनाकाराच्या हातचा कागद पडताळ्यास आहे. देहूच्या मंदिरांत तुकोबांच्या हातची म्हणून पूजिली जाणारी वही आहे खरी. तींत सुमारें अडीचशेंच अभंग उरले आहेत.

म्हणून या तिन्ही गाथांपैकीं एक खरी व बाकीच्या खोट्या, असा निवाडा करणें अन्यायाचें होईल. पंडितांनीं पाठ ताडला, पडवळांनीं संग्रह राखला, भाव्यांनीं साक्षीदार शोधला. गाथा उघडतांना आधीं प्रस्तावना वाचावी आणि ही प्रत कोणत्या वह्यांवरून उतरली, तें पाहावें. एवढें केलें, तर अल्लीपुरांतील त्या दोघां भजनकऱ्यांस एकमेकांची प्रत चुकीची ठरविण्याचें कारण उरणार नाहीं.