निवांत पाण्याच्या शोधात

न्यूयॉर्क हे शहर सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच नावाच्या राज्याच्या उत्तरेस ॲडिराँडॅक नावाचा विस्तीर्ण डोंगराळ वनप्रदेश आहे, ही गोष्ट आपल्याकडील फार थोड्या वाचकांच्या ध्यानात असते. सुमारे ६० लाख एकरांच्या या टापूत ३,००० च्या आसपास तळी व सरोवरे आहेत. हलकी होडी पाण्यात लोटावी, एक सरोवर संपले की ती खांद्यावर घेऊन रानवाटेने पुढचे गाठावे, सायंकाळी गळाला लागलेला मासा काठावरच भाजावा व राहुटीत निजावे, हा छंद अमेरिकेत येथेच विशेष नावारूपास आला. या छंदाचा इतिहास पाहू जाता आम्हांस एक चमत्कारिक गोष्ट दिसते. निवांत पाणी शोधणे कधीच फारसे अवघड नव्हते; ते सापडल्यावर निवांत राहणे, हेच अवघड.

‘शोध’ हा शब्दही येथे जपूनच वापरावयास हवा. मोहॉक व अबेनाकी लोक या वाटांनी पिढ्यानपिढ्या येत जात होते. एकोणिसाव्या शतकात बॉस्टन-न्यूयॉर्कची धनिक मंडळी शिकारीस येऊ लागली तेव्हा त्यांना वाट दाखविणाऱ्यांत लाँग लेक येथील मिचेल सॅबॅटिस हा नामांकित वाटाड्या अबेनाकीच होता.

गर्दीचे खापर मात्र एका पुस्तकावर फोडले जाते. बॉस्टनच्या पार्क स्ट्रीट चर्चमधील धर्मोपदेशक विल्यम मरे यांनी १८६९ साली या रानाचे वर्णन प्रसिद्ध केले. शहरी हवेने ग्रासलेल्यांनी येथे यावे, मासे धरावे आणि धट्टेकट्टे होऊन परतावे, असा त्याचा सूर होता. त्याच उन्हाळ्यात माणसांचा लोंढा लोटला. पाऊस बेसुमार, चावऱ्या माश्या असंख्य, खाणावळींत जागा नाही. बिचाऱ्यांना ‘मरेचे मूर्ख’ हे नाव पडले. मरे यांनी खोटे लिहिले होते असे आम्ही म्हणणार नाही. पण एकांताची गोडी हजारोंना एकदम सांगितली की एकांत कोठे उरावा?

या लोंढ्यानंतर येथे आलेला जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स हा पुरुष आम्हांस फार प्रिय आहे. १८२१ साली जन्मलेला, पेनसिल्व्हेनियातील वेल्सबरो गावचा हा चांभार. अंगाने किरकोळ व फुप्फुसाच्या विकाराने जर्जर. ‘नेसमक’ या नावाने तो ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ पत्रात लिहीत असे. वाटाड्या ठेवण्याची ऐपत नाही, आणि त्या रानातील नेहमीची होडी उचलण्याची शक्ती नाही. म्हणून कँटन गावच्या जे. हेन्री रश्टन या कारागिराकडून त्याने हलक्याहून हलक्या होड्या करविल्या. १८८३ सालची होडी अवघी ९ फूट लांब व साडेदहा पौंड वजनाची, पातळ सीडरच्या फळ्यांची होती. डिकन्सच्या कादंबरीतील मद्यप्रिय सुईण सेअरी गँप हिचे नाव त्याने तिला दिले. कारण, तो म्हणे, हीसुद्धा पाणी घेत नाही! होडीच्या तळाशी बसून, दोन्ही टोकांस पाती असलेले वल्हे मारीत या एकसष्ट वर्षांच्या आजाऱ्याने २६६ मैल प्रवास केला. ही बैठक व हे वल्हे मुळात उत्तरध्रुवाकडील इन्युइट लोकांच्या कयाकचे. सीलच्या कातड्याने मढविलेल्या त्या होडीतून ते पोटासाठी शिकार करीत. तिची हौशी आवृत्ती जॉन मॅकग्रेगर या स्कॉच बॅरिस्टराने १८६५ साली युरोपच्या नद्यांवर फिरवून लोकप्रिय केली होती. श्रीमंताचा एकांत वाटाड्याच्या खांद्यावरून येई. सिअर्सने तो गरिबाच्या स्वतःच्या खांद्याला पेलेल असा केला.

इकडे लाकूडतोडीने डोंगर उघडे पडत होते व धरणांमुळे सरोवरांच्या काठची झाडे बुडून मरत होती. १८८५ साली सरकारी वने राखीव झाली, १८९२ साली उद्यानाची सीमा ठरली, आणि १८९४ च्या घटना-परिषदेने ही राखीव वने कायमची रानटीच राहावीत असे राज्यघटनेतच लिहून ठेवले. याचे श्रेय सौंदर्यपूजकांस द्यावे असे वाचकांस वाटेल. पण राने गेली तर कालव्यांचे व हडसन नदीचे पाणी आटेल, ही व्यापाऱ्यांची धास्ती त्यामागे मोठीच होती.

विसाव्या शतकात एक निराळाच निवांतपणा आला. दूरच्या कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुराने पावसाचे पाणी आम्ल झाले. १९८४ ते १९८७ या काळात १,४६९ तळी तपासली गेली, तेव्हा सुमारे चतुर्थांशांत एकही मासा आढळला नाही. त्या सर्वांचा दोष आम्लाकडे जात नाही. परंतु डोंगरमाथ्यावरील कित्येक तळी त्यानेच मारली. वरून पाहावे तो पाणी स्फटिकासारखे नितळ! १९९० च्या कायद्याने धूर आवरू लागला, तेव्हा काही ठिकाणी मासे परतले.

सेंट रेजिस या भागातील पन्नासाहून अधिक तळ्यांवर आज यांत्रिक नावांस मज्जाव आहे. वल्हे मारीत जावे लागते. १९९८ साली राज्याने लिटल टपर हे पूर्वी व्हिटनी घराण्याच्या मालकीचे सरोवर विकत घेऊन सर्वांस खुले केले. तेथेही इंजिनास बंदी, आणि काठावरील मुक्कामाच्या जागा होडीनेच गाठावयाच्या. या सरोवरात ब्रूक ट्राउट माशाचे एक जुने, शुद्ध वाण टिकून होते. थोड्याच वर्षांत कोणीतरी गुपचूप परका बास मासा पाण्यात सोडला. कोणी व कशासाठी, हे कळले नाही. ट्राउटचे ते वाण मात्र दुसऱ्या तळ्यांतही सोडण्यात आले आहे.