जड इंग्रजी शब्द आणि आपले कोश

इंग्रजीतील जड शब्द आपल्या पूर्वजांनी मराठीच्या वाटेने आत्मसात केले, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्याचा जोडकोश, म्हणजे इंग्रजी-मराठी, थॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पुरा केला. साहेबांना मराठी लिहिणे सुकर व्हावे, हा त्यामागील एक उद्देश. एतद्देशीयांनी मात्र तो उलट्या बाजूने वाचला. परका शब्द परिचित मराठी अर्थावरून ओळखावा, ही रीत अशी रुळली. १८३१ मध्येच बेळगावी जन्मलेल्या बाबा पदमनजींनीही पुढे इंग्रजी-मराठी कोश केला, हे सीमाभागातील वाचकांस मुद्दाम सांगावेसे वाटते.

बडोद्याची तऱ्हा निराळी. राज्यकारभार देशी भाषेत चालावा हा सयाजीरावांचा आग्रह, आणि त्यातून १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला. एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द! टिपणे लिहिण्यात हयात गेलेल्या आम्हांस त्या कचेऱ्यांचा हेवा वाटतो.

या पद्धतीचे बळ एका उदाहरणाने कळावे. लॅटिनमधील ‘अ‍ॅनिमस’ म्हणजे चित्त. ठराव ‘युनॅनिमस’ झाला, असे आम्ही इतिवृत्तांत शेकडो वेळा लिहिले. तो शब्दशः ‘एकचित्त’. ‘इक्वॅनिमिटी’ म्हणजे समचित्तता, ‘मॅग्नॅनिमस’ म्हणजे महामना, आणि ज्याच्या उच्चारानेच विद्यार्थी गांगरतो तो ‘पुसिलॅनिमस’ क्षुद्रचित्त, म्हणून भ्याड. ‘मॅग्नस’ आणि आपला ‘महा’ एकाच मुळाचे. ‘अ‍ॅनिमस’चे नाते तर ज्यातून ‘प्राण’ शब्द आला त्या ‘अन्’ धातूशी. संस्कृतप्रचुर मराठी ज्याच्या कानावर आहे त्याला हे शब्द घोकावे लागत नाहीत.

आमची नातवंडे इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच शिकतात. त्यांना ‘मॅग्नॅनिमस’ येतो, ‘उदारचित्त’ येत नाही. महाराष्ट्रातील मुलास तो शब्द निदान पाठ्यपुस्तकात भेटेल. आपल्याकडे शाळेत मराठी नाही अशी घरे पुष्कळ. तेथे मराठी उरते ती स्वयंपाकघर, सणवार आणि रागावणे यांपुरती. वरच्या थराची मराठी कोशाच्या हाताने घरात येई, ती वाट बंद होत आली आहे.

मोल्सवर्थ यांच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने संगणकावर विनामूल्य ठेवली आहे. तीत इंग्रजी अर्थावरूनही मराठी शब्द शोधता येतो.