विसंगतिसहिष्णु तर्कशास्त्र

विसंगतिसहिष्णु तर्कशास्त्र ही आकारिक तर्कशास्त्राची एक शाखा आहे. एखाद्या विधानसंचात परस्परविरोधी विधाने आली तरी त्यांतून वाटेल ते विधान निष्पन्न होऊ नये, अशा रीतीने या शाखेत अनुमानाचे नियम मांडले जातात. इंग्रजीतील 'पॅराकन्सिस्टंट लॉजिक' या संज्ञेसाठी हा शब्द वापरला आहे. ही संज्ञा पेरूचे तत्त्वज्ञ फ्रान्सिस्को मिरो केसादा यांनी १९७६ मध्ये सुचवली. व्याघात खरे असतात, असा या शाखेचा सरसकट दावा नाही. तिचे बहुतेक अभ्यासक एवढेच म्हणतात की व्याघात समोर आला म्हणून विचार करणे थांबत नाही, आणि थांबू नये. विज्ञानाच्या व गणिताच्या इतिहासात याची उदाहरणे आहेत. त्यांपैकी एक जुने उदाहरण भास्कराचार्यांच्या शून्यगणितात सापडते, आणि त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी खानदेशातील पाटण येथे मठ स्थापन झाला होता.

विस्फोट नियम

अभिजात तर्कशास्त्रात एखादे विधान आणि त्याचा निषेध ही दोन्ही गृहीत धरली, तर त्यांपासून कोणतेही विधान सिद्ध करता येते. याला विस्फोट नियम म्हणतात. हा नियम प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. परंतु तो ज्या पायऱ्यांनी सिद्ध होतो त्यांतील एकही पायरी एरवी कोणाला खटकत नाही.

समजा, दोन जुन्या याद्या एकत्र करून गावांची एक सूची तयार केली. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश (आजचा जळगाव) आणि पश्चिम खानदेश (आजचे धुळे व नंदुरबार) असे विभाजन झाले. मुंबई–आग्रा महामार्गावरील सोनगीर हे गाव धुळे तालुक्यात, म्हणजे पश्चिम खानदेशात येते. सूचीत एका ठिकाणी 'सोनगीर पश्चिम खानदेशात आहे' अशी, तर नक्कल करताना झालेल्या चुकीमुळे दुसऱ्या ठिकाणी 'सोनगीर पश्चिम खानदेशात नाही' अशी नोंद झाली. पहिली नोंद खरी धरली तर 'सोनगीर पश्चिम खानदेशात आहे किंवा तापी गोदावरीला मिळते' हे वैकल्पिक विधानही खरे ठरते, कारण विकल्पाचा एक भाग खरा असणे पुरेसे असते. दुसरी नोंद विकल्पाचा पहिला भाग नाकारते. मग उरलेला भाग, म्हणजे तापी गोदावरीला मिळते, हा निष्कर्ष स्वीकारावा लागतो.

प्रत्यक्षात सूची वापरणारा कोणीही असा निष्कर्ष काढणार नाही. तो सोनगीरची नोंद बाजूला ठेवील आणि बाकीच्या नोंदी पूर्वीप्रमाणे वापरील. माणूस सहज करतो ते नियमबद्ध स्वरूपात सांगता येईल काय, हा या शाखेचा मूळ प्रश्न आहे. संगणकातील माहितीसंग्रहांमुळे त्याला व्यावहारिक महत्त्व आले. वेगवेगळ्या ठिकाणांहून माहिती मिळणाऱ्या संगणकाने विसंगतीपुढे कसे वागावे, याचा विचार करून न्युएल बेलनॅप यांनी १९७७ मध्ये चार मूल्यांचे तर्कशास्त्र मांडले. 'खरे असे सांगितले आहे', 'खोटे असे सांगितले आहे', 'दोन्ही सांगितले आहे' आणि 'काहीच सांगितलेले नाही' ही ती चार मूल्ये होत.

इतिहास

वर दिलेला युक्तिवाद बाराव्या शतकात पॅरिसमधील सोआसाँचा विल्यम याला माहीत होता, असे मानले जाते. भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी (इ.स. ११५०) त्याच शतकातला; अर्थात या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. विसाव्या शतकात क्लॅरेन्स लुईस यांच्या लेखनामुळे हा युक्तिवाद सर्वपरिचित झाला.

त्याविरुद्धचा विचार १९१० च्या सुमारास सुरू झाला. रशियात निकोलाय वासिल्येव्ह आणि पोलंडमध्ये यान वुकासिएविच यांनी अव्याघात नियमाच्या सार्वत्रिकतेविषयी शंका घेतली. स्तानिस्वाव यास्कोव्स्की यांनी १९४८ मध्ये चर्चात्मक तर्कशास्त्र मांडले. एका चर्चेत अनेक जण बोलतात. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी सुसंगत असते, परंतु सर्वांची विधाने एकत्र केल्यास विरोध दिसतो. अशा वेळी एकाचे विधान आणि दुसऱ्याचे विधान 'आणि' या शब्दाने जोडण्याची मुभा यास्कोव्स्की देत नाहीत. ब्राझीलमधील न्यूटन दा कोस्टा यांनी १९६३ मध्ये विसंगत आकारिक व्यवस्थांची एक मालिकाच उभी केली आणि त्या देशात या विषयाची परंपरा निर्माण झाली. या विषयाची पाचवी जागतिक परिषद फेब्रुवारी २०१४ मध्ये कोलकाता येथे भरली.

ग्रॅहम प्रीस्ट यांच्या १९७९ च्या व्यवस्थेत विधान 'खरे', 'खोटे' किंवा 'खरे व खोटे दोन्ही' असू शकते. तीत सोनगीरचे विधान 'दोन्ही' या मूल्याचे धरल्यास ते आणि त्याचा निषेध ही दोन्ही निदान खरी ठरतात. वैकल्पिक विधानही खरे ठरते. पण तापीविषयीचे विधान केवळ खोटेच राहते. म्हणजे आधारविधाने खरी असूनही निष्कर्ष खोटा येतो, आणि विकल्पातील एक भाग नाकारून दुसरा स्वीकारण्याची पायरी अवैध ठरते. विस्फोट तेथेच थांबतो.

भास्कराचार्यांचे शून्यगणित

चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे सापडलेल्या शिलालेखानुसार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी व इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेव याने त्या मठाला दान दिले. लेखात शके ११२८ चा उल्लेख असून अभ्यासक तो इ.स. १२०७ मधील मानतात. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकांनाही तो परिचित आहे. एका गणितज्ञाच्या ग्रंथांसाठी मठ आणि त्या मठासाठी दान, असा लेखी पुरावा विरळाच.

या मठात जे शिकवले जाणे अपेक्षित होते, त्यात लीलावतीतील शून्याचे नियमही येतात. शून्याने गुणलेली राशी शून्य होते, असे भास्कराचार्य सांगतात. पण लगेच एक अट घालतात: पुढे आणखी क्रिया शिल्लक असतील तर त्या राशीला शून्य न म्हणता 'खगुण', म्हणजे शून्याने गुणलेली, असेच धरून ठेवावे, आणि पुढे शून्याने भागण्याचा प्रसंग आला तर मूळ राशी अविकृत समजावी. यावरचे त्यांचे उदाहरण असे: एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्ध मिळवले, आलेल्या राशीला ३ ने गुणले व शून्याने भागले, तेव्हा ६३ आले, तर ती संख्या कोणती? उत्तर १४ आहे. शून्य गुणक आणि शून्य भाजक परस्परांना नाहीसे करतात असे धरले, तर १४ मध्ये ७ मिळवून २१ आणि त्याची तिप्पट ६३ होते.

आजच्या अंकगणितानुसार हे उदाहरण निरर्थक आहे. १४ गुणिले शून्य म्हणजे शून्य. त्यात अर्ध मिळवले तरी शून्य, तिप्पट केली तरी शून्य, आणि शून्य भागिले शून्य याला निश्चित मूल्य नाही. दोन्ही नियम कोणत्याही बंधनाशिवाय एकत्र वापरले तर आपत्ती ओढवते. ५ गुणिले शून्य आणि ७ गुणिले शून्य दोन्ही शून्य, म्हणून एकमेकांबरोबर. दोहोंना शून्याने भागले की ५ आणि ७ समान ठरतात. मग कोणतीही संख्या कोणत्याही संख्येएवढी ठरते. हा गणितातला विस्फोटच होय. भास्कराचार्यांच्या नियमांतून ही आपत्ती उद्भवत नाही, कारण 'क्रिया शिल्लक असताना' शून्य हे उत्तर लिहिण्यास त्यांनी मनाई केली आहे. एकाच राशीविषयी 'ती शून्य आहे' आणि 'ती शून्य मानू नये' अशी दोन विधाने आहेत. परंतु ती एकाच टप्प्यावर वापरता येत नाहीत.

या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असे भास्कराचार्यांनी स्वतःच नोंदवले आहे. सिद्धांतशिरोमणीत ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार येतो आणि तेथे अतिशय लहान अंतरातील ज्यांचा फरक काढावा लागतो. त्यामुळे खगुणाचा नियम हा केवळ कोडे घालण्यासाठी रचलेला खेळ होता, असे मानणे योग्य नाही.

शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्य 'खहर' म्हणतात. बीजगणितात ते सांगतात की खहरात काही मिळवले किंवा त्यातून काही वजा केले तरी त्यात विकार होत नाही. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे म्हटले होते, तर महावीराने नवव्या शतकात शून्याने भागलेली संख्या तशीच राहते असे मानले. बीजगणितावरील टीकेत कृष्ण दैवज्ञ यांनी खहराचे स्पष्टीकरण वेगळ्या मार्गाने दिले. भाजक जसजसा कमी होतो तसतसा भागाकार वाढतो. भाजक अत्यंत कमी झाला तर भागाकार अत्यंत वाढला पाहिजे. आणि 'तो एवढा आहे' असे सांगता आले तर तो अत्यंत वाढलेला नाही.

भास्कराचार्यांना विसंगतिसहिष्णु तर्कशास्त्राचे जनक म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. त्यांनी गणन करण्याचा नियम दिला, अनुमानाचा सिद्धांत मांडला नाही. शिवाय त्या नियमाचे सुसंगत वाचनही शक्य आहे. 'ख' हे शून्याऐवजी एखादे अव्यक्त चिन्ह किंवा शून्याकडे जाणारी राशी मानली आणि अखेरीसच तिला शून्य केले, तर व्याघात मुळातच उरत नाही. गणिताच्या इतिहासकारांना हे वाचन सोयीचे वाटते. अडचण एवढीच की मूळ ग्रंथात गुणक 'शून्य' असाच म्हटला आहे, शून्याजवळचा नव्हे.

न्यूटनचे कलनशास्त्र आणि 'तुकडे व पाझर' पद्धती

हीच रचना सुमारे पाच शतकांनंतर युरोपात पुन्हा दिसते. एखाद्या राशीच्या वर्गाचा वृद्धिदर काढताना न्यूटन त्या राशीत एक अतिसूक्ष्म वाढ मिळवतो, वर्गांचा फरक काढतो आणि त्याला त्या वाढीने भागतो. उत्तर राशीची दुप्पट अधिक ती वाढ असे येते. मग वाढ शून्य म्हणून सोडून दिली जाते. भागताना जी शून्य नव्हती, ती शेवटी शून्य झाली. बिशप जॉर्ज बर्कली यांनी १७३४ मध्ये यावर कठोर टीका केली आणि त्यांची टीका तर्कदृष्ट्या बिनतोड होती. तरीही कलनशास्त्राचा वापर थांबला नाही. एकोणिसाव्या शतकात कोशी व वायरश्ट्रास यांनी सीमेच्या संकल्पनेवर त्याची सुसंगत उभारणी केली. म्हणजे दीड शतकाहून अधिक काळ गणिती एका विसंगत शास्त्रातून बरोबर उत्तरे काढत होते.

ते कसे शक्य झाले, याचे एक उत्तर ब्रायसन ब्राउन आणि ग्रॅहम प्रीस्ट यांनी २००४ मध्ये दिले. त्यांच्या पद्धतीला 'तुकडे व पाझर' म्हणता येईल. विसंगत विधानसंचाचे आतून सुसंगत असे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात ठरावीक प्रकारचीच विधाने पाझरू द्यायची. कलनशास्त्रात पहिल्या तुकड्यात वाढ शून्य नसते, तेथे भागाकार चालतो. त्याचे उत्तर तेवढे दुसऱ्या तुकड्यात जाते आणि तेथे वाढ शून्य असते. 'वाढ शून्य नाही' हे विधान मात्र पहिल्या तुकड्याबाहेर येत नाही. भास्कराचार्यांची 'शेष क्रिया असताना' ही अट याच कामाची आहे: क्रिया चालू असेपर्यंतचा एक तुकडा, क्रिया संपल्यानंतरचा दुसरा.

भौतिकशास्त्रातील ठळक उदाहरण नील्स बोर यांच्या १९१३ मधील अणुप्रतिमानाचे आहे. त्यात इलेक्ट्रॉनची कक्षा अभिजात यामिकीने काढली जाते. पण त्याच अभिजात विद्युत्‌चुंबकीय सिद्धांतानुसार फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने सतत ऊर्जा उत्सर्जित केली पाहिजे, आणि ती तो करत नाही असे गृहीत धरले जाते. या प्रतिमानाने हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांचे योग्य स्पष्टीकरण दिले. ब्राउन व प्रीस्ट यांनी नंतर त्यालाही हीच पद्धत लावली.

स्याद्वादाशी संबंध

जैन तर्कशास्त्रातील सप्तभंगी नयात एकाच वस्तूविषयी 'स्यात् आहे', 'स्यात् नाही', 'स्यात् आहे आणि नाही', 'स्यात् अवक्तव्य आहे' आणि यांच्या संयोगातून होणारी तीन अशी सात विधाने येतात. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५७ मध्ये आणि प्रीस्ट यांनी २००८ मध्ये आधुनिक तर्कशास्त्राच्या अंगाने सप्तभंगीवर लिहिले. पुणे विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे अभ्यासक प्रदीप गोखले यांनीही स्याद्वादाच्या तार्किक रचनेचे विवेचन केले आहे. वाद 'स्यात्' या शब्दाभोवती आहे. त्याचा अर्थ 'एका दृष्टीने' असा घेतला, तर घट मातीच्या दृष्टीने आहे आणि सुवर्णाच्या दृष्टीने नाही, यात व्याघात नाही. या अर्थाने सप्तभंगी यास्कोव्स्की यांच्या चर्चात्मक तर्कशास्त्राच्या अधिक जवळ जाते.

आक्षेप

पहिला आक्षेप विलर्ड क्वाइन यांचा आहे. निषेधाचे नियम बदलणारा मनुष्य अव्याघात नियम नाकारत नसून 'नाही' या शब्दाचा अर्थच बदलतो, असे ते म्हणतात. हार्टली स्लेटर यांनी १९९५ मध्ये हाच मुद्दा तांत्रिक स्वरूपात मांडला: दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत असतील, तर त्यांना परस्परांचे व्याघाती म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप किमतीचा आहे. विकल्प नाकारण्याची पायरी गणितात इतक्या ठिकाणी लागते की ती सोडून फारसे काही सिद्ध करता येणार नाही, अशी भीती व्यक्त होते. त्यावर प्रीस्ट यांचे उत्तर असे की विसंगती नसलेल्या क्षेत्रात ती पायरी पूर्वीप्रमाणे वापरण्यास हरकत नाही. परंतु क्षेत्र विसंगत आहे की नाही हे आधी कसे ओळखावे, याची सर्वमान्य कसोटी अद्याप मिळालेली नाही. 'तुकडे व पाझर' पद्धतीवरही असाच आक्षेप घेतला जातो: तुकडे कोठे पाडावेत हे इतिहास माहीत असल्यामुळे आज सांगता येते, सतराव्या शतकातील गणित्याला, किंवा पाटणच्या मठातील विद्यार्थ्याला, ते गुरूने दिलेल्या नियमावरूनच कळू शकत होते.